मी ४०७११६७१ बोलतेय

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका, मला जन्मतारीख नाही. चाकणच्या भुईकोटाचा पहिला दगड बसला त्याच्या आधी मी होते. इंद्रायणीला पहिलं पाणी आलं त्याच्याही आधी होते. तुमच्या निबंधाच्या वहीत खुर्ची बोलते, छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं आणि शेवटी सगळी डोळे पुसतात. मी डोळे पुसणार नाही. मला राग आलाय, आणि तो सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझं पूर्ण नाव चार कोटी सात लाख अकरा हजार सहाशे एकाहत्तर. एवढं नाव घ्यायचा लोकांना कंटाळा येतो. मग म्हणतात, "तो मोठा आकडा." आकडा म्हणे! आकडे सगळे मिळून दहा, शून्यापासून नवापर्यंत. मी संख्या आहे. माझे आठ आकडे आपापल्या जागी उभे राहिले तरच मी. त्यातल्या दोघांनी जागा बदलली की मी तिथे नसते, दुसरीच कोणी तरी उभी असते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ हिच्यावरच झाला.

आता माझं घराणं ऐका. मला तीनाने भाग जातो, जे येतं त्याला पुन्हा तीनाने जातो. मग साताने, अकराने, तेराने. एवढं सगळं भागून झालं की ४५१९ उरतो, आणि तो असा हट्टी आहे की एक आणि तो स्वतः सोडून कोणालाच दाद देत नाही. मला नि:शेष भागणाऱ्या संख्या एकूण अठ्ठेचाळीस आहेत. आणखी एक गंमत आहे. मला तीन तुकड्यांत लिहा: ४०, ७११, ६७१. पहिला आणि शेवटचा मिळवा. चाळीस अधिक सहाशे एकाहत्तर, सातशे अकरा. मधला तुकडा! जिचं असं जुळतं तिला सात, अकरा आणि तेरा, तिघेही भागतात.

करून बघितलंत? नसेलच. पिंपरीत गाडीच्या पाटीवर चार सारखे आकडे यावेत म्हणून माणसं वशिले लावतात, मिरवतात, पाटीला हार घालतात. चार एक ओळीत उभे केले म्हणजे संख्या थोर झाली? माझ्यासारखीकडे ढुंकून बघायला कोणाला वेळ नाही. एकाने बघितलं. त्याचं नाव दत्तोबा.

महाळुंग्याला दादासाहेबांचा कारखाना आहे. वडिलांच्या वेळी तिथे ज्वारीचं रान होतं, आता पत्र्याची शेड आहे आणि दारात ट्रेलरची रांग. तिथे टेम्पोच्या स्टिअरिंगचे आर्म बनतात. आर्म म्हणजे लोखंडी हात. चालकाने स्टिअरिंग फिरवलं की हाच हात पुढचं चाक वळवतो. हा तुटला तर चालकाने कितीही फिरवू दे, चाक त्याचं ऐकत नाही. म्हणून प्रत्येक आर्मवर नंबर ठोकतात, कोणता कधी बनला आणि कोणी तपासला ते कळावं म्हणून.

नंबर ठोकायचं काम दत्तोबांचं. आळंदीचा माणूस, सातवी शिकलेला, जुन्या मोपेडवरून यायचा. तुम्हाला एक माहीत आहे का? नंबर ठोकायच्या पंचांच्या डबीत दहा पंच नसतात, नऊच असतात. सहाचा पंच उलटा धरला की झाला नऊ. एकदा घाईत कोणी तरी पंच उलटा मारला, आणि एका चांगल्या आर्मच्या नावावर भलत्याचंच पाप बसलं. तेव्हापासून दत्तोबांची झोप उडाली. चार दिवस खडूने जमिनीवर काही तरी मांडत बसले आणि मग दादासाहेबांकडे गेले.

"मालक, नंबर एकेक पुढं न्यायचा न्हाई. नव्व्याण्णव मिळवत जायचं."

"आं? मधले अठ्ठ्याण्णव कुठं गेले म्हणून लोक विचारतील ना!"

"विचारू द्या की. मधल्या जागा मोकळ्या पायजेत. चुकलेला नंबर त्या मोकळ्या जागंत जाऊन पडतो, मग तो घावतो."

दादासाहेबांना कळलं नाही, पण दत्तोबांवर विश्वास होता. तसं सुरू झालं. माझ्या आधीची बहीण ४०७११५७२, नंतरची ४०७११७७०. आमच्या मधे कोणी नाही.

यातली युक्ती सांगते. नव्व्याण्णवच्या पाढ्यातल्या प्रत्येकीला नवानेही भाग जातो आणि अकरानेही. नवाचा ताळा सोपा. सगळ्या आकड्यांची बेरीज करा. माझी येते सत्तावीस, नवाच्या पाढ्यातली. सहाचा नऊ झाला तर ती तीस होईल आणि चोरी तिथेच उघडी पडेल. पण नवाचा ताळा आंधळा आहे एका बाबतीत. आकडे तेच ठेवून जागा बदलल्या तर बेरीज तीच राहते, त्याला काही कळत नाही. तिथे अकरा लागतो. एक सोडून एक आकडे घ्या: चार, सात, एक, सात, झाले एकोणीस. राहिलेले शून्य, एक, सहा, एक, झाले आठ. फरक अकरा. फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला तर संख्या खरी. शेजारच्या दोन वेगळ्या आकड्यांनी जागा बदलली की हा फरक मोडतोच. अकरा त्यांना कधीच माफ करत नाही. उलटा सहासुद्धा तो पकडतो.

"मग नऊ कशाला ठेवला काका? एकटा अकरा बास झाला की," असं एकदा स्वरूपाने विचारलं होतं.

"दाराला कडी असती आन् कुलूपबी असतंय. नवाचा ताळा चहा पिता पिता हुतो. अकराला जरा बूड टेकून बसावं लागतं. लोकांना बूड टेकायला नको असतंय, पोरी."

स्वरूपा परभणीकडची. महाळुंग्यातच एका चाळीत धाकट्या बहिणीबरोबर, पुनमबरोबर राहते. पुनम नर्सिंग शिकते. स्वरूपा तपासणीच्या टेबलावर, तीन वर्षं ठेक्यावर. आर्मवर ती लाल द्रव फवारते, थोडं थांबते, पुसून घेते, मग पांढरी भुकटी फवारते. लोखंडाला कुठे तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. डोळ्यांना न दिसणारा तडा तिच्या टेबलावर बोलायला लागतो. चौथं वर्ष लागलं की कायम करू, असं दादासाहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं.

माझा दिवस आला तो दत्तोबांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. आठ ठोके बसले. शेवटचा एक ठोकून त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि ओरडले, "स्वरूपा, ए पोरी, हिकडं ये. ही बघ."

"काय झालं काका? उलटा सहा मारलात का?"

"तुझा काका मेला तरी उलटा सहा मारायचा न्हाई. तीन तुकडे कर हिचे. चाळीस आन् सहाशे एकाहत्तर मिळव."

ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली आणि एकदम हसली. "सातशे अकरा! मधीच बसलंय की!"

"देखणी हाय का न्हाई?"

मित्रांनो, सृष्टीच्या आधीपासून मी आहे, पण मला देखणी म्हणणारा तोच पहिला.

तासाभराने मी स्वरूपाच्या टेबलावर होते. लाल झालं, पुसून झालं, पांढरं झालं. आर्मच्या मानेपाशी केसाएवढी लाल रेघ उमटली. स्वरूपाने चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. रेघ तिथेच.

"देखणी होती हो काका."

"संख्या देखणी हाय. लोखंड फुटकं हाय. तू दोन्हींची गल्लत करू नगंस," दत्तोबा म्हणाले.

तिने लाल रंगाची फुली मारली, वहीत माझा नंबर लिहिला, पुढे 'नापास, मानेवर तडा' लिहिलं, आणि मला लाल पेटीत ठेवलं. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. माझं लोखंड फुटकं होतं आणि वहीत तसं लिहिलं होतं. खरं लिहिलं की संख्येची अब्रू राहते, मग ते कौतुक असो की नापास.

शनिवारी दत्तोबांना शाल आणि नारळ दिला. सुपरवायझर नवनाथने भाषण केलं. नवनाथ डिप्लोमावाला, दोन फोन बाळगणारा. म्हणाला, "आता आळंदीत टाळकऱ्यांना नव्व्याण्णवाचा ताळा शिकवा." सगळे हसले. दत्तोबाही हसले. हसू नये अशा वेळी हसणारी माणसं फार चांगली असतात, आणि त्यांचंच नुकसान होतं.

नवनाथने आल्या आल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये नंबर तपासायची सोय करून घेतली होती. चांगली गोष्ट. पण करणाऱ्याला सांगितलं काय, तर "फक्त बेरजेचं ठेव. ते अकराचं किचकट आहे, म्हाताऱ्याचं खूळ." नंबरांची यादी आधीच छापलेली होती, म्हणून नंबर नव्व्याण्णवच्या पावलाने चालत राहिले. पण कुलूप काढून टाकलं आणि नुसती कडी ठेवली. आणि जिथे कडी आहे तिथे कुलूप असेलच, असं बाहेरच्यांना वाटत राहिलं. अर्धवट शहाण्याचा मला राग येतो तो यासाठी. अडाणी माणूस निदान विचारतो तरी.

महिनाअखेर आली. गाडी दारात उभी, आणि मालात तेवीस आर्म कमी. लाल पेटीत नेमके तेवीस पडलेले, मी त्यांतली एक. नवनाथ पेटीपाशी उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं. "केसाएवढी रेघ. कुठे तुटतंय?" असं स्वतःशीच म्हणाला.

त्याने माझा नंबर कॉम्प्युटरवर टाकला. पडदा लाल झाला, कारण नापासांचे नंबर त्यात बंद केलेले होते.  मग त्याने माझ्यातल्या सहा आणि सात यांची अदलाबदल केली. ४०७११७६१. बेरीज सत्तावीस. पडदा हिरवा झाला.

तेवीस वेळा त्याने हेच केलं. माझ्या हातातून... मला हात नाहीत, मित्रांनो. मी फक्त बघत होते. माझेच आकडे घेऊन त्याने एक तोतया उभी केली आणि तिच्या नावाची चिठ्ठी माझ्या गळ्यात अडकवली. ती बिचारी ४०७११७६१ सुद्धा निर्दोष. ती आपली संख्यांच्या रांगेत आपल्या जागी शांत होती. या कारखान्यात तिचं काही काम नव्हतं. तिलाही ओढलं.

मग रंग. रंगाचं काम सुभद्राबाईंचं, गावातल्याच. नवनाथ म्हणाला, "मावशी, लाल फुली दिसेल तिथं काळ्याचे दोन हात जास्त मारा."

"आन् नंबर?"

"नंबरावर पण. साहेबांना गुळगुळीत आवडतं."

माझ्या तोंडावर काळा रंग बसला. त्याच्याखाली मी होते, आठच्या आठ आकड्यांसकट, जागच्या जागी. पण कोणाला दिसत नव्हते.

पंधरा दिवसांनी ज्या कंपनीत आम्ही गेलो तिथे एका कामगाराने मला टेम्पोत बसवलं आणि बोल्ट आवळला. कट् असा आवाज झाला आणि मान तुटली. तो कामगार मागे सरकला, तुटका तुकडा हातात घेतला. मग म्हणाला, "हे रस्त्यात झालं असतं तर?" त्याचं नाव मला कळलं नाही. पण प्रश्न त्याने बरोबर विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला त्या कंपनीचे तपास अधिकारी उद्धवराव कारखान्यात आले. गाडीच्या डिकीत गोणपाटात मी, दोन तुकड्यांत. दादासाहेब पांढरा शर्ट घालून आधीच उभे. उद्धवरावांनी चिठ्ठीवरचा नंबर वाचला, ४०७११७६१. स्वरूपाची वही मागवली. पान पुढे, पान मागे. तो नंबर वहीत नाहीच.

नवनाथ लगेच बोलला, "नोंद नाही म्हणजे तपासणीच नाही. मी कधीपासून म्हणतोय, या पोरीचं लक्ष नसतं. न बघता माल सोडते."

स्वरूपा टेबलापाशी उभी होती. तिचा चेहरा पांढऱ्या भुकटीसारखा झाला. "मी एकबी आर्म बघितल्याबिगर सोडला नाही. उगीच माझ्यावर कशाला ढकलायलात सर?"

"मग नोंद कुठंय मॅडम? उंदरांनी खाल्ली?"

दादासाहेब म्हणाले, "पोरी, हे फार वाईट झालं. आपलं नाव जाईल. तू उद्यापासून येऊ नकोस."

एवढंच. तीन वर्षं आणि एक वाक्य. आणि तुम्हाला सांगते, अशी काढलेली बाई चाकणच्या कोणत्याही गेटवर गेली की तिच्या आधी तिची गोष्ट तिथे पोचलेली असते. तपासनीस, न तपासता माल सोडणारी. कोण घेईल? पुनमचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, आणि घरात कमावणारी एकटी स्वरूपा.

ती रडेल असं नवनाथला वाटलं असावं. ती चिठ्ठीकडे बघत होती. मग खाली बसली. मशीनच्या कडेचा खडू उचलला आणि जमिनीवर लिहायला लागली.

"हे काय आता? रांगोळी?" नवनाथ हसला. "दत्तोबाची चेली!"

"चार, सात, एक, सहा. अठरा." ती मोठ्याने म्हणाली. "शून्य, एक, सात, एक. नऊ. फरक नऊ." तिने मान वर केली. "साहेब, हा नंबर आमचा नाही."

उद्धवराव पुढे झाले. "म्हणजे?"

"आमच्या हरेक नंबराला अकराने भाग जातो. ह्याला जात नाही. आमच्या कारखान्यात हा नंबर कोणी ठोकलाच नाही, तर माझ्या वहीत कुठून येईल?"

"ए, बेरीज सत्तावीस आहे! नऊने भाग जातो, कॉम्प्युटरने पास केलाय!" नवनाथचा आवाज चढला.

"नवानं जातो सर. आकडे तेच ठेवून मागंपुढं केले की नवाला कळत नाही. अकराला कळतं." ती पुन्हा चिठ्ठीकडे बघायला लागली. ओठ हलायला लागले. चाळीस. सातशे अकरा. सातशे एकसष्ट. मी रंगाखालून जीव तोडून म्हणत होते, पोरी, मिळव, मिळव! "चाळीस आन् सातशे एकसष्ट... आठशे एक. नाही जुळत. सहाशे एकाहत्तर असतं तर..." ती उठून उभी राहिली. "साहेब, तो आर्म काढा. त्याच्यावरचा रंग खरवडा."

"काही गरज नाही," नवनाथ म्हणाला.

"गरज हाय की." मागून आवाज आला. सुभद्राबाई हातात थिनरने भिजवलेलं फडकं घेऊन उभ्या होत्या. "रंग म्या लावलाय, म्याच काढते. मला म्हनले, तांबडी फुली दिसंल तिथं दोन हात जास्त मार. मी इचारलं न्हाई. चुकलं माजं."

त्यांनी गोणपाट उघडलं आणि मला घासायला सुरुवात केली. काळं गेलं, मग लाल फुली आली. मग चार आला, शून्य आला, सात. एक, एक. सगळे वाकून बघत होते. सहा. सात. एक.

"व्हय गं पोरी," सुभद्राबाई म्हणाल्या, "सहा आदी, सात मागनं."

स्वरूपाने वहीचं पान उघडून उद्धवरावांपुढे धरलं. ४०७११६७१. नापास, मानेवर तडा. तारीख, सही. 

 

मला वाटलं, झालं, न्याय झाला. मी भोळी. उद्धवराव फोन करायला बाहेर गेले तेवढ्यात दादासाहेबांनी स्वरूपाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मी होतेच.

"स्वरूपा, तू आपली पोरगी. माझं चुकलं, घाई झाली. पहिल्या तारखेला तुझी कायमची ऑर्डर काढतो. फक्त एवढं लिहून दे, की यादी उतरवताना अनवधानाने आकडे मागंपुढं झाले. माणूस आहे, चुकतो. खाली सही कर, तपासनीस म्हणून."

कागद तयार होता. पेनही. तीन वर्षं जिची वाट बघितली ती ऑर्डर एका सहीवर आली होती. स्वरूपाने पेन हातात घेतलं, आणि माझ्या आठही आकड्यांनी श्वास धरला.

"दादासाहेब, गाडीत गेलेल्या मालाची पूर्ण यादी द्या. मग सही करते."

"ती कशाला?"

"एक चूक असली तर चूक म्हणून लिहून देते की."

यादी आली. ती बसली, अगदी बूड टेकून. चारशे नंबर, प्रत्येकाला अकरा लावायचा. दादासाहेब घड्याळ बघत होते. उद्धवराव परत येऊन तिच्या मागे उभे राहिले, मग त्यांनीही खिशातून पेन काढलं आणि अर्धी यादी स्वतःकडे घेतली. दीड तास लागला. जो नंबर अडकला त्याच्याभोवती ती गोल करत गेली. शेवटी तिने गोल मोजले.

"तेवीस," ती म्हणाली. "लाल पेटीत तेवीसच होते. दादासाहेब, तेवीस वेळा चुकून शेजारचेच दोन आकडे मागंपुढं होत नसतात. आणि हे बावीस अजून गाड्यांत बसलेले हायत." तिने तो सहीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, वहीत बघून, बावीस खरे नंबर लिहिले. वर माझा. खाली स्वतःची सही.

दादासाहेब खुर्चीत बसले. "पोरी, तू कारखाना बुडवलास."

"टेम्पोत माणसं बसतात, मालक," ती म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगते. उद्धवरावांनी तो कागद नेला. गाड्या थांबवल्या, आर्म काढून घेतले. नवनाथला काढलं, पण फार हळहळू नका. तो तळेगाव रस्त्याच्या एका कारखान्यात लागलाय, सुपरवायझर म्हणूनच. कारखाना बुडाला नाही. त्या कंपनीने लेखी अट घातली की स्वरूपाची सही असेल तोच माल घेऊ, तेव्हा दादासाहेबांना तिचं महत्त्व समजलं. कॉम्प्युटरमध्ये अकराचा ताळा बसवला. त्याला लागला अर्धा तास. अर्ध्या तासाचा कंटाळा!

कायमचं पत्र चार महिने उशिरा आलं. त्यावर स्वरूपाचा नवा कामगार नंबर होता. तिने आधी ताळा केला, भाग गेला नाही, "बघा काका," असं ती फोनवर दत्तोबांना म्हणाली, आणि मग सही केली. पलीकडून दत्तोबा बराच वेळ हसत होते. या वेळी हसण्यासारखंच होतं.

माझे दोन तुकडे तारेने बांधून तिने टेबलाजवळ खिळ्याला टांगलेत. नवं कोणी कामाला लागलं की ती आधी मला हातात देते आणि म्हणते, "हिचे तीन तुकडे कर."

पण माझा राग गेलेला नाही, मित्रांनो. बावीस आर्मपैकी एकवीस परत आले. एक सुट्या भागांच्या दुकानात गेला होता आणि तिथून कोणी नेला ते दुकानदाराला आठवत नाही. कोणत्या तरी टेम्पोत तो बसलाय आणि तो टेम्पो रस्त्यावर पळतोय. त्याच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय त्याकडे बघू नका. खरी तिथे रंगाखाली आहे, माझीच धाकटी बहीण, ४०७१३३५४. तुमच्या घरी कोणाचा टेम्पो असेल, ओळखीत कोणाचं गॅरेज असेल, तर पुढच्या चाकाशी वाका, काळा रंग खरवडा आणि वाचा.

आणि तुम्ही वहीत, पाटीवर, औषधाच्या बाटलीवर, कुठेही माझ्या जातीची एखादी उतरवाल, तर मधे थांबून एकदा ताळा करा. आम्हाला देखणं म्हणायची गरज नाही, हार घालायची तर मुळीच नाही. आमचे आकडे आमच्या जागी ठेवा. आमची जागा हलली की कोणाची तरी मान तुटते, आणि ती नेहमी लोखंडाचीच असते असं नाही.

धाकट्या बहिणीचा अकराचा ताळा मीच करून दाखवते: चार, सात, एक, तीन... नाही, चुकले मी. रागात माझंही होतं. बहिणीचा नंबर वर आहे. खडू घ्या, तुम्हीच करा.